गोळी सुटल्यानंतर : प्रस्तावना

रायफलचा प्रायमर पेटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत एक-दीड मिलिसेकंद जातो. नेमबाजीवर जे काही लिहिले जाते ते बहुतेक या क्षणाच्या आधीचे असते : श्वास, नजर, चापावरचे बोट. उरलेले गोळीच्या पुढच्या प्रवासाचे : वारा, अंतर, घसरण. मधल्या काळात रायफलच्या पोटात काय चालते, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. बोल्टचे कुलूप उघडते, तापलेली रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढली जाऊन बाहेर फेकली जाते, स्प्रिंग दबते, उलटते, मॅगझीनमधले वरचे काडतूस पुढे ढकलले जाते आणि कुलूप पुन्हा बसते. मिनिटाला 800 फैरींच्या वेगाने चालणाऱ्या यंत्रणेत या सगळ्याला 75 मिलिसेकंद मिळतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफल हे चक्र एकदाच पुरे करते आणि पुढच्या चापाची वाट पाहते. हे पुस्तक त्या 75 मिलिसेकंदांबद्दल आहे.

या विषयात शिरणारा नवा माणूस दोन प्रश्न घेऊन येतो. धक्का कमी कसा करायचा? आणि रायफल अडकू नये म्हणून काय करायचे? त्याला वाटते की हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चांगल्या कारागिराकडे दोन्हींची उत्तरे एकाच वेळी मिळतील. प्रत्यक्षात तो एकच प्रश्न आहे आणि त्याची दोन टोके एकमेकांविरुद्ध ओढतात. यंत्रणा धूळ, थंडी, घट्ट झालेले तेल आणि जराशी कमजोर निघालेली दारू यांवर मात करून चालावी असे वाटत असेल, तर तिला गरजेपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो. चांगल्या दिवशी, स्वच्छ रायफलमध्ये, हा जादा जोर कुठे खर्च होणार? तो बोल्टला मागच्या भिंतीवर आपटवतो, आणि ते आपटणे खांद्याला कळते. राखीव जोर काढून घेतला की रायफल हातात शांत राहते, पण पहिल्याच वाईट दिवशी तिच्यापाशी काही शिल्लक नसते. रायफल ‘ट्यून’ करणे म्हणजे हा राखीव साठा किती ठेवायचा ते ठरवणे. बाकीच्या युक्त्या, आणि त्या पुष्कळ आहेत, या निर्णयाच्या मागोमाग येतात.

या निर्णयाचा इतिहास सुमारे 140 वर्षांचा आहे. अमेरिकेत जन्मलेला आणि लंडनमध्ये काम करणारा हायरम मॅक्सिम याने 1880च्या दशकाच्या मध्यात, बंदुकीचा जो धक्का आजवर नुसता खांद्यावर वाया जात होता त्याच्याकडूनच बंदूक भरून घेतली. त्याची नळी आणि बोल्ट कुलूपबंद अवस्थेत थोडे मागे सरकत आणि त्या सरकण्यातून पुढचे सगळे काम होई. मॅक्सिमची मशिनगन वसाहतींच्या युद्धांत कशी वापरली गेली ते वेगळे आणि काळे प्रकरण आहे. यंत्रशास्त्राच्या बाजूने पाहिले तर त्याने एक दार उघडले, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने त्या दारातून आत जाण्याची सोय केली. त्याची 1884 ची धूरविरहित दारू आली नसती तर स्वयंभरण रायफल प्रयोगशाळेतच राहिली असती. काळी दारू इतकी काजळी सोडते की नाजूक छिद्रे आणि दांडे थोड्याच फैरींत तुंबतात. नवी दारू स्वच्छ जळे आणि तिचा दाब दर फैरीला बराचसा सारखा राही. त्या सारखेपणावर पुढची सगळी इमारत उभी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक अपघातांचे मूळ तिच्यात सापडते.

1889 मध्ये युटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वाऱ्याने समोरचे गवत आडवे होताना पाहिले. त्या वाऱ्याला त्याने कामाला लावले आणि गॅसवर चालणाऱ्या शस्त्रांची शाखा सुरू झाली. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की दंतकथाच वाटावी, पण त्याने लिव्हर-अॅक्शन रायफलच्या तोंडापुढे बसवलेली हलती झडप आणि पुढे 1895 मध्ये आलेली कोल्ट मशिनगन या कागदोपत्री वस्तू आहेत.

मशिनगनला वजन परवडते, रायफलला परवडत नाही. म्हणून सैनिकाच्या खांद्यावरची स्वयंभरण रायफल जमायला आणखी 40 वर्षे लागली. मेक्सिकोच्या मॉन्द्रागॉन यांची रायफल 1908 मध्ये स्वीकारली गेली आणि स्वित्झर्लंडमध्ये बनली. ती चांगल्या काडतुसांवर चाले आणि वाईट काडतुसांवर रुसे. पुढच्या शतकभराची तक्रार तिथेच नोंदली गेली. अमेरिकेत जॉन पेडरसन यांची रायफल कारागिरीचा उत्तम नमुना होती, पण तिचे कुलूप दाब पुरता उतरण्याआधी उघडू लागे, म्हणून पुंगळ्या चेंबरला चिकटू नयेत यासाठी काडतुसांवर मेणाचा लेप द्यावा लागे. चिखलात लढणाऱ्या माणसाला मेण लावलेली काडतुसे देणे कोणालाच पटले नाही. क्युबेकमध्ये जन्मलेल्या जॉन गॅरंड यांची रायफल 1936 मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारली. तिच्या पहिल्या रूपात नळीला छिद्र नव्हते. तोंडाशी बसवलेल्या टोपीत गॅस पकडला जाई. ती व्यवस्था लवकरच सोडून नळीच्या टोकाजवळ साधे छिद्र पाडण्यात आले. जर्मनांनीही 1941 च्या रायफलमध्ये तोंडाशी गॅस पकडण्याचा प्रयोग केला, तो फसला, आणि दोन वर्षांनी त्यांनी सोव्हिएत टोकारेव्ह रायफलसारखी गॅसव्यवस्था उचलली. नळीला छिद्र पाडायची भीती दोन्ही देशांना एकाच काळात वाटली आणि दोघांचीही मोडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घराणी स्पष्ट होतात. ती नीट कळली की कोणतीही नवी रायफल समोर आली तरी तिचे गोत्र सांगता येते.

सगळ्यांत साधे घराणे ब्लोबॅकचे. यात कुलूपच नसते. जड बोल्ट आणि स्प्रिंग एवढ्यावर दाब पेलला जातो. .22 च्या कमजोर काडतुसाला हे पुरते. ऑलिंपिकमधली 25 मीटर पिस्तूल स्पर्धा याच साध्या तत्त्वावरच्या पिस्तुलांनी खेळली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या खेळात काडतुसांची कोणती खेप आपल्या पिस्तुलाला मानवते हे खेळाडू पारखून घेतात, आणि पारखण्यामागचे कारण फक्त अचूकता नसते. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या मालिकेत पाच गोळ्या चार सेकंदांत सोडायच्या असतात. तिथे पिस्तूल दर वेळी त्याच लयीत मागे-पुढे झाले नाही तर नेम परत जागेवर येत नाही.

ताकदवान काडतुसाला नुसते वजन पुरत नाही. मग एक तर बोल्टचे उघडणे काही क्षण लांबवायचे, नाही तर पक्के कुलूप लावून ते गॅसने उघडायचे. पहिली वाट जर्मन आणि स्पॅनिश अभियंत्यांनी रोलरच्या साह्याने धरली. तिच्यातून जी3 रायफल आली आणि एमपी5 आली, जी आपल्याकडे कमांडोंच्या हातात पाहायला मिळते. या घराण्यात पुंगळी दाब असतानाच मागे सरकू लागते, म्हणून चेंबरच्या भिंतीत उभ्या खाचा पाडतात. त्यांतून शिरलेला गॅस पुंगळीला भिंतीपासून सुटी ठेवतो. पेडरसनच्या मेणाची जागा इथे गॅसने घेतली, एवढेच. जी3 ला गॅसचे छिद्र नाही, स्क्रू नाही, नियंत्रक नाही, त्यामुळे शिपायाने बिघडवण्यासारखेही काही नाही. पण मागच्या धक्क्याचा तुटकपणा, पुंगळ्या दूरवर भिरकावण्याची खोड आणि काडतूस बदलले तर रोलरच्या कोनाचा भाग बदलण्याची गरज, ही तिची किंमत.

दुसरी वाट गॅसची, आणि तिला तीन फांद्या. गॅस एका लांब दांड्याला ढकलतो आणि तो दांडा बोल्टबरोबर शेवटपर्यंत मागे जातो, ही कलाश्निकोव्ह यांची फांदी. गॅस छोट्या दांड्याला फक्त टोला मारायला लावतो, पुढचे बोल्ट आपल्या वेगावर करतो, ही बेल्जियमच्या एफएनची फांदी. दांडाच काढून टाकून गॅस थेट मागे न्यायचा, ही स्वीडनच्या युंगमन रायफलची फांदी. अमेरिकेच्या युजीन स्टोनरची एआर-15 सहसा हिच्यातच मोजली जाते, पण तिथे बोल्ट कॅरिअरच्या आतच पिस्टनची जागा केलेली आहे, म्हणून स्टोनरला वेगळे धरावे असे माझे मत आहे. छोट्या दांड्याच्या फांदीत एक विलक्षण माणूसही आहे : डेव्हिड मार्शल विल्यम्स. हत्येच्या शिक्षेत नॉर्थ कॅरोलिनाच्या तुरुंगात असताना त्याने बंदुकांची रचना केली, आणि त्याची दांड्याची कल्पना अमेरिकेच्या एम1 कार्बाइनमध्ये गेली.

कलाश्निकोव्ह यांनी राखीव जोराचा प्रश्न एका फटक्यात सोडवला : भरपूर गॅस द्या, भाग जड ठेवा, फटी सैल ठेवा, आणि खांद्याला सोसू द्या. ही रायफल वाळूत चालते असे सगळे सांगतात. ती का चालते याचे उत्तर त्या जादा गॅसमध्ये आहे आणि ती हातात का उसळते याचे उत्तरही तिथेच आहे. काडतूस मध्यम ताकदीचे असल्यामुळे हा सौदा परवडला.

एफएनने उलट विचार केला. द्यदॉने सेव्ह यांच्या एफएएल रायफलवर गॅसचा नियंत्रक आहे, आणि तो शिपायाच्या बोटांत दिला आहे. हीच रायफल भारतात ईशापूरला बनली आणि एसएलआर या नावाने आपल्या सैन्यात आली. 1962 च्या युद्धात जवानांच्या हातात .303 ची बोल्ट रायफल होती. त्यानंतरच्या पिढीने एसएलआर हाताळली, आणि पोलिसांकडे ती पुढे कित्येक वर्षे राहिली. मूळ एफएएलचा नियंत्रक बसवण्याची रीत मला या सगळ्या विषयाचा सर्वांत सुंदर धडा वाटते. नियंत्रक पूर्ण उघडायचा, म्हणजे बहुतेक गॅस बाहेर जातो. मॅगझीनमध्ये एकेक काडतूस घालून झाडायचे. रायफल कमजोर चालत असेल तर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहत नाही. एकेक खाच बंद करत जायचे. बोल्ट नेमाने मागे राहू लागला की थांबायचे, आणि मग दोन खाचा आणखी बंद करायच्या. त्या शेवटच्या दोन खाचा म्हणजे राखीव साठा. तो किती असावा हे कोणा अभियंत्याच्या कागदावर न ठरता त्या रायफलवर, त्या काडतुसावर, त्या दिवशी ठरते. उपखंडात भारताकडे नियंत्रकाची एसएलआर होती आणि पाकिस्तानकडे नियंत्रक नसलेली जी3. काडतूस दोघांचे एकच, 7.62 बाय 51. दोन घराण्यांची तुलना करायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आता स्टोनर, आणि ज्या प्रकरणासाठी या पुस्तकाची सर्वाधिक पाने गेली आहेत ते व्हिएतनाम. एम16, म्हणजे एआर-15 चे सैनिकी रूप, हलकी होती, तिचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत होता त्यामुळे तोंड कमी उचलले जाई, काडतूस छोटे होते. धक्क्याच्या बाजूने ती तिच्या काळापुढे होती. मग 1960च्या दशकाच्या मध्यात ती जंगलात अडकू लागली आणि सैनिक सळईने पुंगळ्या ठोकून काढताना मारले गेले. लोकांनी दोष रायफलला दिला. काय घडले होते? गोळीचा ठरवलेला वेग गाठण्यासाठी सैन्याने काडतुसातली दारू बदलली. आधीची दारू बारीक नळकांड्यांच्या आकाराची होती, नवी गोल दाण्यांची. गोळीचा वेग नव्या दारूने नीट गाठला. पण ती अशा रीतीने जळे की गॅसच्या छिद्रापाशी दाब जास्त असे. बोल्ट लवकर आणि जोराने मागे येऊ लागला, यंत्रणेची गती ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली. दाब उतरण्याआधी कुकरचे झाकण ओढावे तसे काहीसे : पुंगळी अजून फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसलेली, आणि एक्स्ट्रॅक्टर तिची कड धरून ओढतो आहे. कड फाटे, पुंगळी आतच राही. त्यात दारूमधल्या चुनखडीसारख्या पदार्थाचा थर गॅसच्या नळीत साचे, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता म्हणून दमट हवेत तो गंजे, आणि ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरल्यामुळे सफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. कारखान्यातल्या स्वीकृती चाचण्या मात्र जुन्या दारूच्या काडतुसांवर घेता येत होत्या. रायफल जिथे तपासली जात होती तिथे ती निर्दोष होती.

अमेरिकन काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने 1967 मध्ये या कारभारावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. दुरुस्त्या झाल्या त्या अशा : चेंबरला क्रोम, दारूत बदल, सफाईची साधने, आणि दस्त्यातल्या, बोल्टचा धक्का झेलणाऱ्या बफरमध्ये सरकती वजने घालून तो जड करणे, ज्यामुळे बोल्टचे उघडणे थोडे लांबले आणि गती उतरली. सफाईची पुस्तिका तर विल आइस्नर या नामवंत चित्रकथाकाराकडून चित्रांत काढून घेतली. यातली एकही दुरुस्ती स्टोनरच्या मूळ कल्पनेला हात लावत नाही. रायफल, काडतूस आणि ती वापरणारा माणूस मिळून एक यंत्र होते. त्यातला एक भाग कागदावर बदलला गेला आणि बाकीच्या दोघांना कोणी कळवले नाही. गॅरंडच्या रायफलीत आज कोणी संथ जळणारी दारू आणि जड गोळी भरली तर तिचा लांब चालक दांडा वाकतो, याचेही कारण हेच. मॉन्द्रागॉनची तक्रारही हीच होती.

धक्क्याबद्दल लोकांचे गैरसमज इतके आहेत की एक हिशोब इथेच मांडतो. एम16 च्या 5.56 काडतुसात साधारण चार ग्रॅमची गोळी सेकंदाला 900 मीटरपेक्षा जास्त वेगाने जाते आणि दीड-दोन ग्रॅम दारूचा गॅस त्याहून वेगाने. साडेतीन किलोच्या रायफलीत यातून ढोबळमानाने पाच ज्यूल ऊर्जेचा धक्का येतो. एसएलआरच्या 7.62 मध्ये, रायफल किलोभर जड असूनही, तो सुमारे तिप्पट असतो. हा एकूण रेटा काडतूस आणि रायफलचे वजन ठरवतात. स्प्रिंग, बफर, गॅसचा स्क्रू यांनी तो कमी होत नाही. त्यांनी बदलते ते त्याचे वेळापत्रक. एकच रेटा एका झटक्यात आला की टोला वाटतो, पसरून आला की ढकल वाटते. रेटा खरोखर कमी करणारे मुख्य साधन म्हणजे नळीच्या तोंडावरचा ब्रेक, कारण तो गॅसला बाजूला आणि मागे वळवतो. त्याची किंमत शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांनी मोजावी लागते. ब्रेक लावलेल्या रायफलीशेजारी जो आडवा झाला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि धक्का मागचाच असतो असेही नाही. बोल्ट पुढे जाऊन चेंबरवर आदळतो तेव्हा रायफलचे तोंड खाली डुलते. घाबरून जाड स्प्रिंग घालणारे ही डुलकी वाढवतात आणि धक्का का गेला नाही म्हणून आणखी जाड स्प्रिंग शोधतात. 1976 मध्ये स्थापन झालेल्या आयपीएससीच्या आणि अमेरिकेतल्या तीन-बंदुकी स्पर्धांमधल्या खेळाडूंनी या बाबतीत सैन्यापेक्षा जास्त बारकाईने काम केले आहे, हे मान्य करायला हवे. त्यांची शाळा म्हणते : हलणारे भाग हलके करा, गॅस स्क्रूने बेताचा करा, यंत्रणा जेमतेम पुरे करील एवढाच जोर द्या. अशा रायफलचे तोंड जागचे हलत नाही असे पाहणाऱ्याला वाटते. पण ती एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या काडतुसांवर, तेल दिलेली, दुपारच्या उन्हात चालते. थंड सकाळी तिचा बोल्ट अर्ध्यातून परत फिरतो आणि पुंगळी दारात उभी अडकते. स्पर्धेत याची शिक्षा काही सेकंदांची असते, म्हणून हा सौदा तिथे योग्य आहे. तोच सौदा पोलिसाच्या रायफलवर करणे गुन्हा आहे, असे मी म्हणेन. पुंगळ्या कोणत्या दिशेला पडतात यावरून गॅस जास्त की कमी हे सांगणारा खेळाडूंमधला ठोकताळा उपयोगी आहे. त्याला शास्त्र मानू नये, कारण एक्स्ट्रॅक्टर किंवा इजेक्टरची स्प्रिंग बदलली की तो खोटे बोलू लागतो.

तिसरी शाळा या भांडणातून बाहेर पडायचा प्रयत्न करते. सिंगापूरच्या अल्टिमॅक्स मशिनगनमध्ये जेम्स सलिव्हन यांनी बोल्टला इतकी लांब वाट दिली की तो मागच्या भिंतीला टेकतच नाही; स्प्रिंग त्याला हळूहळू थांबवते, आणि माणसाला सलग एकसारखी ढकल जाणवते. रशियाच्या एईके-971 आणि एके-107 मध्ये बोल्टच्या उलट दिशेने तेवढेच वजन धावते. दोन्ही कल्पना सुंदर. एकीला लांबी लागते, दुसरीला जादा भाग. म्हणून त्या दुर्मीळ राहिल्या. माझा स्वतःचा कौल सलिव्हनकडे आहे, कारण त्यांनी राखीव जोर काढून न घेता त्याला जायला जागा दिली.

हे सगळे मराठीत आणि आत्ता का? पहिले कारण भूगोलाचे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला रायफलची काडतुसे बनतात, भंडाऱ्याला दारू बनते, अंबरनाथलाही आयुध निर्माणी आहे. पुण्याच्या पाषाणमध्ये एआरडीई ही 1958 मध्ये स्थापन झालेली शस्त्रसंशोधन संस्था आहे. इन्सास रायफल तिथे घडली. तिच्यात कलाश्निकोव्हचा लांब दांडा आहे, एफएनचा नियंत्रक आहे, जी3 च्या वळणाची, बोल्ट ओढण्याची डाव्या बाजूची मूठ आहे. घराण्यांचे असे मिश्रण यशस्वी झाले की नाही यावर भरपूर वाद आहे. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझीन तडकल्याच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत, आणि बोल्ट कितीही नीट चालला तरी मॅगझीन वेळेवर काडतूस वर देत नसेल तर सगळे व्यर्थ, हे त्या तक्रारींनी दाखवून दिले. जानेवारी 2024 मध्ये याच संस्थेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर 7.62 ची उग्रम रायफल पुढे आणली. सैन्यात अमेरिकन एसआयजी-716 आली आहे, अमेठीजवळ कोरव्याला एके-203 बनते आहे. म्हणजे एकाच सैन्यात तीन-चार घराणी, दोन-तीन प्रकारची काडतुसे, आणि सियाचीनपासून जैसलमेरपर्यंतचे तापमान. दारूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. बर्फात तो उतरतो आणि तेलही घट्ट होते. वाळवंटात तो चढतो. राखीव साठ्याचा प्रश्न भारताइतका टोकाचा फार थोड्या देशांपुढे असेल.

दुसरे कारण, सायलेन्सर आता चोरांच्या सिनेमातून बाहेर पडून पलटणीत आला आहे. अमेरिकन सैन्याने 2022 मध्ये निवडलेली नवी 6.8 मिलिमीटरची रायफल सायलेन्सरसह दिली जाते. सायलेन्सर गॅस अडवतो, अडलेला गॅस मागे येतो, बोल्टचा वेग वाढतो, आणि व्हिएतनामचा सगळा धडा नव्याने गिरवावा लागतो. नियंत्रक नकोच म्हणणारे कारखानेसुद्धा पुन्हा नियंत्रक बसवू लागले आहेत.

तिसरे कारण असे की आयुध निर्माण्यांच्या 2021 च्या पुनर्रचनेनंतर आणि खासगी उद्योग या क्षेत्रात आल्यानंतर, छोट्या शस्त्रांचे सुटे भाग बनवण्याचे काम साध्या यंत्रशाळांपर्यंत पोचू शकते. अशा यंत्रशाळेतल्या माणसाला ड्रॉइंगवरची मापे वाचता येतात. पण गॅसचे छिद्र एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने मोठे पडले तर पुढे कोणाचे काय होईल, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारे पुस्तक असायला हवे होते.

ते लिहिताना काही मर्यादा मी मुद्दाम घालून घेतल्या आहेत. हे घरी बसून रायफल दुरुस्त करण्याचे हस्तपुस्तक नाही. भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही. शस्त्र नियम 2016 तिला निर्बंधित वर्गात ठेवतात, आणि परवानाधारकानेही शस्त्राच्या रचनेत आपल्या मनाने बदल करणे कायद्यात बसत नाही. ते तसेच असावे असे माझे मत आहे. त्यामुळे इथे मोजमापे येतात ती समजण्यापुरती. पुस्तकाची मांडणी भागांच्या नावांवर नाही, बिघाडांवर आहे : पुंगळी आत राहिली, बोल्ट अर्ध्यातून परतला, काडतूस वाकडे चढले, कुलूप पुरते बसले नाही. प्रत्येक बिघाडापासून उलट चालत दाब, वस्तुमान आणि वेळ यांपर्यंत जायचे, अशी रीत आहे. यंत्र समजून घेण्याचा हा आडमार्ग वाटेल, पण शस्त्रागारातला कोत हवालदार विचार करतो तो असाच. गणित बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडे कुठे जात नाही. शिपाई, नेमबाज, अभियांत्रिकीचा विद्यार्थी किंवा युद्धेतिहासाचा वाचक, कोणालाही ते अडू नये. शस्त्रांचा गौरव करण्याची इच्छा नाही. एम16 चे प्रकरण वाचल्यावर ती इच्छा तशीही टिकत नाही.

एक विनंती आहे. खडकी, वरणगाव, पाषाण इथे आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या कामगारांकडे, चाचणी मैदानावरच्या मदतनिसांकडे आणि पलटणीतल्या शस्त्र-दुरुस्ती कारागिरांकडे या विषयाचे जे ज्ञान आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही, या पुस्तकातही नाही. गोपनीयतेच्या नियमांत बसेल तेवढे त्यांनी लिहून काढावे, स्वतःला जमत नसेल तर नातवंडांना सांगून लिहवून घ्यावे, आणि प्रकाशकाकडे पाठवावे. पुढच्या आवृत्तीत त्याची जागा राखून ठेवली आहे.